फुप्फुसांतील बुरशीचा गोळा

२०२१ च्या उन्हाळ्यांत ‘काळी बुरशी’ हा शब्द तेव्हांच्या औरंगाबादेंत, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरांत, घरोघर पोंचला. नाक, डोळे, जबडा यांना ग्रासणाऱ्या त्या रोगाचे रुग्ण घाटी रुग्णालयांत दाखल झाले, आणि बुरशीचा रोग म्हणजे तो एवढाच, अशी पुष्कळांची समजूत झाली. परंतु फुप्फुसांत घर करणारी ॲस्परजिलस नांवाची निराळी बुरशी आहे. तिची चाल बहुधा संथ असते.

क्षय बरा झाला तरी फुप्फुसांत कधीं कधीं पोकळी उरते. श्वासावाटें गेलेले बीजाणु तेथें रुजून बुरशीचा गोळा बनतो. क्ष-किरणांच्या चित्रांत तो पांढरा, वाटोळा दिसतो, व त्याच्या माथ्यावर हवेची काळी चंद्रकोर. रोग्यास पालथें निजवून पुन्हा चित्र घेतलें, तर सुटा गोळा घरंगळून खालच्या बाजूस जातो; मांसाची गांठ सहसा जागची हलत नाहीं. ही साधी युक्ति मला मोठ्या यंत्रांइतकीच मोलाची वाटते.

जुना क्षयरोगी खोकल्यांतून रक्त टाकूं लागला, कीं घरचे म्हणतात, ‘क्षय उलटला.’ तसें असूंहि शकतें. पण कारण बुरशी असेल, तर क्षयाच्या औषधांचा तिच्यावर कांहींच परिणाम होत नाहीं. म्हणून थुंकीची व रक्ताची तपासणी तर करावीच, शिवाय जुनीं चित्रें डॉक्टरांपुढें ठेवावींत. पूर्वीं रिती असलेली पोकळी आतां भरलेली दिसली, तर निम्मा उलगडा तेथेंच होतो. रक्त अधिक पडूं लागल्यास मात्र कागद शोधीत बसूं नये; रोग्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें.