शिलेदाराचा घोडा, धनगराचं तट्टू

गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन लोकांना ठाऊक आहे ते शनीच्या देवळामुळे. त्याच गोदाकाठी १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली, याची आठवण मात्र फार थोड्यांना असते. पावसाळ्याचे दिवस, नदी भरलेली. निजाम अली काही फौज घेऊन पैलतीरी उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या लष्करासह अलीकडे अडकला होता. मराठ्यांनी त्याला तिथेच गाठलं. विठ्ठल सुंदर पडला. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांचा दरारा बसला तो या लढाईपासून.

लढाई एका दिवसात आटोपली, पण त्याआधीचे कित्येक महिने नुसती पळापळ चालली होती. निजामाने पुण्यावर चाल करून शहर लुटलं, जाळलं. मराठ्यांनी त्याला आडवं जाण्याऐवजी त्याचाच मुलूख मारत हैदराबादच्या रोखाने दौड केली. समोरासमोर भिडायचं टाळून शत्रूच्या घरात शिरायचं, खंडणी वसूल करायची आणि तो मागे वळेपर्यंत पन्नास कोस पुढे निघून जायचं, असा हा डाव. त्यात तलवारीपेक्षा घोड्याचं पोट आणि खूर महत्त्वाचे. एवढी मजल मारणारा घोडा होता तरी कसा?

चौकाचौकांतले पुतळे पाहिले की वाटतं, मराठ्यांचा प्रत्येक स्वार उंचापुऱ्या, मान कमानीसारखी वळवलेल्या अरबी घोड्यावर बसत होता. शिल्पकाराला ते शोभतं. अरबी घोडे होतेही. चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत ते उतरत आणि सोळाव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगिजांनी या व्यापारावर चांगलाच पैसा केला. पण समुद्रापलीकडून आलेलं जनावर सरदारालाच परवडणार. हजारोंच्या फौजेला पुरला तो इथलाच घोडा: भीमा-नीरेच्या खोऱ्यातला, देशी घोड्यांत अरबी-तुर्की रक्त मिसळून पिढ्यान्‌पिढ्या घडत गेलेला भीमथडी. दख्खनी म्हणूनही तो ओळखला जातो. खांद्यापाशी मोजला तर साधारण माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढाच. हाड मजबूत, खूर टणक, पोटाला माफक. कडबा मिळाला तर कडबा, नाही तर माळावरचं कुसळी गवत. अरबी घोड्याला चंदी चुकली की तो उतरतो; हा चंदीवाचूनही चालत राहतो. बालाघाटच्या डोंगरपट्टीत, जिथे पाऊस हात आखडूनच पडतो आणि ज्वारी हेच मुख्य पीक, तिथे हाच गुण कामाचा.

घोडा काटक म्हणून त्याची निगा कमी होती असं नाही. शिवाजी महाराजांच्या पागेची जी रचना बखरकार सभासदाने नोंदली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद सांगितला आहे. पाणी आणि नाल, या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस! आजच्या कुठल्या वरातीच्या घोड्याच्या नशिबी एवढं येत असेल, शंकाच आहे.

बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा. शिलेदाराचा घोडा मेला तर बुडालं ते त्याचं स्वतःचं भांडवल. म्हणून तो लढाईत जपून वागतो, अशी तक्रार बखरकारांपासून इंग्रज अधिकाऱ्यांपर्यंत पुष्कळांनी केली आहे. मला ती तक्रार थोडी अन्यायाची वाटते. ज्याचं अख्खं शेत चार पायांवर उभं आहे, तो ते तोफेच्या तोंडी कशाला देईल?

अठरावं शतक सरता सरता या घोडेस्वारीचे दिवसही फिरले. ११ मार्च १७९५ ला बीडच्या सरहद्दीलगत खर्ड्याला मराठ्यांनी निजामाला पुन्हा हरवलं, पण तिथे दोन्हीकडे फ्रेंच पद्धतीच्या कवायती पलटणी आणि तोफखाने होते. आठ वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांची फौज आर्थर वेलस्लीसमोर उभी राहिली तेव्हा भिस्त पलटणींवर आणि तोफांवरच होती. घोडदळ होतं, पण निकाल त्याच्या हातात राहिला नव्हता. वेलस्लीचा अरबी घोडा डायोमेड त्या दिवशी भाल्याने जखमी झाला. इतिहासात घोड्याचं नाव राहतं ते असं, मालक जिंकला तर.

बीडचा मुलूख निजामाकडेच राहिला आणि घोड्यांचा पुढचा अध्याय अंबाजोगाईत लिहिला गेला. तेव्हाचं नाव मोमीनाबाद. पेंढाऱ्यांचा बंदोबस्त करायला १८१६ च्या सुमारास निजामाच्या घोडदळाची इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली फेररचना झाली. पुढे ही फौज हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली आणि मोमीनाबाद तिच्या घोडदळाचं एक ठाणं झालं. पगार निजामाच्या तिजोरीतून, हुकूम इंग्रजांचा. तिजोरी आटली तसं १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, ते या फौजेच्या खर्चापोटी. म्हणजे मोमीनाबादच्या तबेल्यातल्या हरभऱ्याचे पैसे वऱ्हाडच्या काळ्या मातीतून येऊ लागले!

भरतीची पद्धत मात्र जुनीच, शिलेदारीची. स्वाराने घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणायचा किंवा त्याचे पैसे रजिमेंटमध्ये भरायचे. त्या जागेला असामी म्हणत. तिला किंमत होती, त्यामुळे ऐपतदार घरची पोरं भरती होत आणि घोड्याला स्वतः खरारा करायला त्यांना कमीपणा वाटत नसे. १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादेत ज्या पहिल्या घोडदळाने बंड केलं ते नुकतंच मोमीनाबादहून तिथे गेलं होतं. आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध नेणार, ही वार्ता त्यांच्यात पसरली होती. पुण्याकडून वुडबर्न या इंग्रज अधिकाऱ्याची फौज आली आणि बंड मोडलं गेलं.

१९०३ मध्ये कंटिंजंट ब्रिटिश हिंदी लष्करात विलीन झाली. तिच्यातूनच डेक्कन हॉर्स हे रजिमेंट आलं. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत, फ्रान्समधल्या हाय वुडजवळ, २० व्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले परजून जर्मन फळीवर घोडे घातले. मशीनगनच्या युद्धात! महायुद्धाने शिलेदारी पद्धतही मोडीत काढली. मरणाऱ्या घोड्यांची भरपाई घरून कोण आणि किती वेळा करणार? रजिमेंट अजून आहे, रणगाड्यांचं. १९६५ मध्ये खेमकरण भागात ते शर्मन रणगाडे घेऊन लढलं. नावात तेवढा घोडा उरला आहे.

पोलीस कारवाईनंतर १९४८ मध्ये निजामी संपली. त्यानंतरच्या काळातले घोडे सगळ्यांच्या पाहण्यातले. स्टँडावरचे टांगे होते, त्यांना रिक्षांनी हटवलं. वरातीचे घोडे राहिले. पंढरीच्या वाटेवरचे अश्व राहिले: शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते तेव्हा तिच्यासोबत ते असतात. आणि राहिला खंडोबाचा घोडा. बीडच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे आणि या देवाला घोड्याशिवाय चालत नाही.

त्याच देवाच्या नावाने मराठवाड्यातला घोड्यांचा मोठा बाजार भरतो, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला, मार्गशीर्षात. घोडा ओळखायला शिकायचं तर तिथे जावं. दुसरा मोठा बाजार खानदेशात, सारंगखेड्याला तापीकाठी, दत्तजयंतीचा. या दोन्ही ठिकाणी आता बोलबाला मारवाडीचा. साठ इंचांच्या आसपास किंवा वर उंची, लांब मान आणि आत वळून टोकाला टोक लावणारे कान, ही त्याची खूण. काठेवाडीचे कानही तसेच, किंबहुना जास्तच वळलेले, पण तो थोडा ठेंगणा, तोंडाने रुंद, आणि त्याच्या भुरकट अंगावर पाठीच्या कण्यावरून पुष्कळदा काळी रेघ असते. दोघेही कोरड्या मुलखातले, त्यामुळे उन्हाला दबत नाहीत. नुकरा ही जात नव्हे, रंग आहे: गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र घोडा. नवरदेवाला तोच हवा असतो म्हणून त्याचे दर चढे. अरबीची ओळख तोंडावरून पटते, नाकाडावर हलकं खोलगट वळण असतं. पुष्कळ अरबी घोड्यांच्या कमरेत मणकेही सहाऐवजी पाचच. पुण्या-मुंबईच्या शर्यतीत पळणारा थरोब्रेड या बाजारात क्वचितच दिसतो. इंग्लंडमध्ये तीन पूर्वेकडच्या घोड्यांपासून ही जात निघाली. मैल-दीड मैल त्याच्याशी कोणी बरोबरी करू शकत नाही, आणि बालाघाटच्या दगडधोंड्यांत त्याच्याइतकं निरुपयोगी जनावर नाही.

गिऱ्हाईक आधी तोंड उघडून दात बघतं. पाच वर्षांचा झाला की पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. त्यानंतर झिजेवरून वय सांगायचं. मग भोवरे. गळ्यावरचं देवमण शुभ, काही भोवरे खोडीचे, त्यांच्यावरून किंमत पडते. कुमैत, अबलख, पंचकल्याण अशी रंगांची मोजदाद. मग चाल: स्वाराच्या हातातलं पाणी सांडू नये अशी रवाल चाल असेल तर मालक दोनदा पळवून दाखवतो. भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण खूर उचलून बघणारा विकत घेणारा दहांत एखादाच दिसतो, आणि नाचकामाच्या घोड्याभोवती रिंगण करून उभे राहणारे शेकड्याने, याचं वाईट वाटतं.

या झगमगाटात भीमथडी कुठे आहे? बाजाराच्या कडेला, आणि त्याहून जास्त रस्त्याच्या कडेला. दिवाळीनंतर धनगरांच्या मेंढ्यांचे वाडे चाऱ्यामागे निघतात तेव्हा पुरुष कळपाबरोबर रानातून जातात आणि बिऱ्हाड घेऊन बाया घोड्यांबरोबर. पाठीवर पाल, भांडी, धान्याची गोणी. वर उलट्या टांगलेल्या कोंबड्या, कालपरवा जन्मलेली कोकरं, आणि कधी सगळ्यांच्या वर बसलेलं पोर. रात्री ज्याच्या शेतात मेंढ्या बसतील तिथे मुक्काम. घोडं पायाला दावं बांधून धसकटात सोडलं जातं. राक्षसभुवनपर्यंत दौड करणाऱ्या घोड्याचा वंश टिकला तो इथे. सरदारांच्या पागा गेल्या, छावण्या उठल्या, आणि ज्याला कोणी जातिवंत म्हणायला तयार नव्हतं ते तट्टू मेंढपाळांनी कुठल्याही अनुदानाशिवाय वागवलं.

सरकारदरबारी ही जात नव्हतीच. भीमथडीच्या घोड्यांचा उल्लेख असलेलं राजा बढे यांचं गीत २०२३ मध्ये महाराष्ट्राचं राज्यगीत झालं, आणि त्याच्याच आगेमागे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची देशातली आठवी नोंदणीकृत अश्वजात म्हणून नोंद केली. बारामती परिसरातल्या अश्वपालकांनी त्यासाठी बराच पाठपुरावा केला. मारवाडी, काठेवाडी, भुतिया, मणिपुरी, स्पिती, झंस्कारी, कच्छी-सिंधी यांच्या पंक्तीला दख्खनचं तट्टू बसलं ते इतक्या उशिरा. तोवर देशातल्या घोड्यांची संख्याच घसरली होती: २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाख, २०१९ मध्ये साडेतीन लाखांच्याही आत.

नोंदणीने एक अडचण सुटत नाही. मेंढपाळाकडे बहुधा घोड्या असतात, नर थोडे. घोडी दाखवायची वेळ आली की जवळचा मारवाडी नर बरा वाटतो, कारण शिंगरू उंच निपजतं आणि वरातवाला त्याला जास्त पैसे देतो. दोन पिढ्यांत उंची येते आणि धसकटावर जगायची ताकद जाते. त्यात गायरानं आक्रसली, उसाखालची जमीन वाढली, काही वाड्यांनी बिऱ्हाड हलवायला पिकअप टेम्पो धरला. या भागात शुद्ध भीमथडी नर राखणारं केंद्र हवं, आणि नर मेंढपाळाच्या वाड्यापर्यंत न्यायची सोय हवी. वाडा केंद्रापर्यंत येणार नाही.

आधी मोजदाद तर नीट व्हावी. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत फिरत्या पशुपालकांची जनावरं पहिल्यांदाच वेगळी नोंदवायचं ठरलं. प्रगणकाने मात्र घोडं दिसलं की रकान्यात नुसतं ‘गावठी’ लिहून पुढे जाऊ नये.