आम्ही आणि आपण

'बाई, इथं आम्ही पास!' नागभीडच्या पुढं, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर आमच्या गटातला एक मुलगा आनंदानं ओरडला. टपरीवाला 'जवर या, पानी घ्या' म्हणाला होता. ना 'ळ', ना 'ण'! या दोन अक्षरांनी पुण्यात तीन महिने त्या बिचाऱ्याची जीभ वळवली होती आणि इथं जन्मानं मराठी असलेला माणूस त्यांच्यावाचून खुशाल बोलत होता.

अमेरिकेतून मुलं पुण्याला मराठी शिकायला येतात, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठीचे वर्ग पुण्यात भरतात. मॅक्सिन बर्नसन आणि जाई निंबकर यांचं १९७५ सालचं पाठ्यपुस्तक कित्येक पाहुण्यांनी गिरवलं. बर्नसनबाई तर शिकून परत न जाता फलटणलाच राहिल्या. मीही अशा मुलांना बरीच वर्षं शिकवलं. त्यातल्याच सहाजणांना घेऊन, शनिवार-रविवारला एक सुट्टी जोडून निघाले होते. रात्रीच्या रेल्वेनं नागपूर आणि पुढं गाडीनं उमरेड, भिवापूर, नागभीड. चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकापासून झाडीपट्टी सुरू होते. इथल्या झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर केला. मी मात्र ती नुसती 'अशुद्ध' म्हणून ऐकत आलेली!

मुलांनी वह्या काढल्या. भाताला इथं धान, खाचराला बांधी, कापून रचलेल्या धानाला पुंजणे. टपरीवाल्यानं 'सांभार टाकू का?' विचारलं, तेव्हा एक मुलगी दचकून म्हणाली, 'हरीण?' कोथिंबिरीची जुडी पुढं आल्यावर सगळे हसले. त्या हसण्यात मी एक आगाऊपणा केला. टपरीवाल्याची सातआठ वर्षांची मुलगी पेले घेऊन आली, तिला सवयीनं म्हणाले, 'पानी नाही बाळ, पाणी.' तिची आई चुलीपाशी होती. वर न बघता म्हणाली, 'तुमच्या गावी म्हनत असतील, बाई.'

ब्रह्मपुरी सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. धानोऱ्याच्या रस्त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम लागतं. तिथलं रुग्णालय कौलारू झोपड्यांच्या पाड्यासारखं आहे आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव आहे. मोठ्या इमारतीची माणसांना भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहायचं असतं, हे बंगांनी गावकऱ्यांनाच विचारून घेतलं होतं.

तिथून पुढं मेंढा (लेखा). 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेचं हे गाव. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. आपल्या बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मिळायला मात्र २०११ उजाडलं. निर्णय बहुमतानं नाही, सर्वांच्या संमतीनं घ्यायचा, अशी इथली रीत. एकाचं जरी पटलं नाही, तरी बैठक पुन्हा.

घोषणा वहीत उतरवून घेताना विस्कॉन्सिनच्या मुलीनं विचारलं, 'आम्हीच का? आपणच का नाही?' वर्गात हा धडा मीच शिकवला होता. इंग्रजीत दोहोंना एकच शब्द. आपल्याकडं ऐकणाराही सामील असला तर आपण, नसला तर आम्ही. (हा भेद मराठीत द्राविडी भाषांच्या शेजारातून आला, असं पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ मानतात. गोंडी त्याच कुळातली, तेलुगूची नातलग.) मी नियम पुन्हा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे यात तुम्ही नाही. तुम्ही आमच्याबरोबर आहात.'

उत्तर सुचलं नाही. ज्या मराठीच्या जोरावर मी या मुलांची यजमानीण झाले होते, ती इथल्या घरात दुसरी भाषा होती. पहिलीतलं पोर तिच्यापाशी शाळेच्या दारात येतं आणि त्याला शिकवणाऱ्या गुरुजींना बहुधा गोंडी येत नसते. माझ्या सहाजणांना हौस होती, शिष्यवृत्ती होती, जमलं नाही तर परतीचं तिकीट होतं. याच धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी शाळा स्वतःच काढली, ती उगाच नव्हे.

एका ओसरीवर पहिलीतली मुलगी बसली होती. 'तुझं नाव काय?' प्रत्येकानं आपापल्या उच्चारात विचारून पाहिलं. ती नुसती बघत राहिली. मीही विचारलं, अगदी स्पष्ट शब्दांत. तरी गप्पच. मग विस्कॉन्सिनची मुलगी तिच्यासमोर मांडी घालून बसली, तांब्याकडं बोट दाखवून म्हणाली, 'पाणी. तू काय म्हणतेस?'

'येर,' ती हळूच म्हणाली.

आम्ही सातहीजणांनी तो शब्द म्हटला. तिनं मान हलवली, नाही. पुन्हा म्हणून दाखवला. तोंडावर हात धरून हसली आणि पुन्हा एकदा, सावकाश. तिच्या आजीनं आतून काहीतरी विचारलं, त्यावर तिनं आमच्याकडं बोट दाखवून उत्तर दिलं, आणि आत सगळे हसले.