आठ खिडक्या, एक कारकून

मुलांनो, दहावीचा निकाल संकेतस्थळावर लागतो, तेव्हा लाखो मुले एकाच वेळी आपला बैठक क्रमांक टाकतात. पडद्यावरचे चाक फिरतच राहते. घरातील सगळे श्वास रोखून बसलेले असतात. या उशिराची कारणे अनेक. त्यांपैकी एक पाहू.

संगणकात हिशेबाचे काम प्रोसेसर करतो. पूर्वी त्यात एकच गाभा, म्हणजे 'कोअर', असे. त्याचा वेग फार वाढवला की तो तापू लागे. म्हणून एकाच चिपवर अनेक कोअर बसवू लागले. आयबीएम कंपनीची दोन कोअरची चिप २००१ साली आली.

पण कोअर वाढले म्हणून काम आपोआप वाटले जात नाही. रेल्वे स्थानकावर आठ खिडक्या बांधल्या आणि कारकून एकच नेमला, तर रांग कशी सरेल? २००९ साली आलेल्या 'नोड जेएस'वर लिहिलेला प्रोग्रॅम असाच मुख्यतः एका खिडकीवर बसतो. मग त्याच्या आठ प्रती चालवतात व येणाऱ्या मागण्या त्यांच्यात वाटतात.

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक कारकुनाने आपापली वही ठेवली, तर एकच जागा दोघांना विकली जाईल! म्हणून नोंदवही सर्वांची एकच हवी. मग त्या वहीपाशी रांग लागते. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच अशा मर्यादेकडे लक्ष वेधले होते. कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल, तर आठ कोअर असूनही वेग पाचपटसुद्धा होत नाही.

निकालाचे काम त्या मानाने सोपे. गुण फक्त वाचायचे असतात, बदलायचे नसतात. प्रत्येक खिडकीवर वहीची नक्कल ठेवली तरी चालते.