दीर्घायुष्याची किल्ली आईकडे?

'त्यांच्या घराण्यातच आयुष्य आहे,' असे नव्वदी ओलांडलेल्या माणसाबद्दल सहज म्हटले जाते. घराणे म्हणताना बहुधा वडिलांची बाजू डोळ्यांपुढे असते. शास्त्रज्ञ मात्र या प्रश्नासाठी आईकडची बाजूही तपासत आले आहेत. त्याचे कारण म्हणजे मायटोकाँड्रिया.

पेशीतील हे सूक्ष्म घटक अन्न आणि ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यात १६,५६९ अक्षरे आणि अवघी ३७ जनुके. तो आईकडून मुलगा-मुलगी दोघांना मिळतो, पण पुढच्या पिढीत जातो तो मुलीमार्फतच. त्यातील बारीक फरकांवरून माणसांचे मातृवंशीय गट पाडले जातात.

जपानमधील संशोधकांना १९९८ मध्ये असाच एक फरक शंभरी गाठलेल्यांत अधिक प्रमाणात आढळला. पुढच्याच वर्षी उत्तर इटलीतील शतायुषी पुरुषांत 'जे' गटाचे प्रमाण जास्त दिसले. दीर्घायुष्याचे गुपित हाती आले, असे कुणालाही वाटावे. पण दक्षिण इटलीत शोध घेतल्यावर तसा संबंध दिसला नाही. शिवाय लेबर हा तरुण वयात दृष्टी नेणारा आनुवंशिक आजार आहे. त्याला कारण ठरणारे काही दोष 'जे' गटातील व्यक्तीत असतील, तर दृष्टी जाण्याचा धोका उलट वाढतो.

म्हणजे एकच वारसा कुठे तारक, तर कुठे मारक. यात नवल नाही. मायटोकाँड्रियाला हजारभर प्रथिने लागतात आणि त्यांतील फक्त १३ त्याच्या स्वतःच्या डीएनएवरून बनतात. बाकीच्यांची जनुके पेशीच्या केंद्रकात असतात आणि ती आई-वडील दोघांकडून येतात. त्यात आहार, आजार आणि राहणीमान यांचीही भर पडते. म्हणूनच लाळेच्या चाचणीतून आपला मातृवंशीय गट कळू शकतो, आपण किती वर्षे जगणार हे कळत नाही. तसा दावा करणाऱ्या अहवालावर पैसे घालवण्यात अर्थ नाही.

वारसा बदलता येत नाही, पण मायटोकाँड्रियाची ताकद वाढवता येते. अमेरिकेतील जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे नियमित पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंतील मायटोकाँड्रियाची ऊर्जानिर्मितीची क्षमता सुमारे दुप्पट झाली. पुढे माणसांतही, अगदी साठीनंतरही, नियमित व्यायामाने ही क्षमता वाढते असे दिसून आले. आईने दिलेली ही ठेव वाढवायची असेल, तर रोज थोडे झपझप चालणे एवढे तरी आपल्या हातात आहे.