पासपोर्टचा फोटो : स्कार्फ काढायची गरज नाही, पण तयारी हवी

हज-उमराहचं ठरलं की घरात पहिली धावपळ पासपोर्टची. "स्कार्फ काढा, नाहीतर फोटो चालणार नाही," असं कुणी म्हटलं की अम्मी, दादी तिथूनच परत फिरतात. नियम मात्र तसा नाही.

पासपोर्टच्या फोटोत डोकं झाकायला मनाई असली तरी धार्मिक कारणासाठी सूट आहे. अट एवढीच की हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा आणि त्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसाव्यात. म्हणजे स्कार्फ चालतो, नकाब नाही.

मागचा पडदा पांढरा असतो. पांढरी ओढणी त्यात मिसळून जाते, म्हणून गडद, साध्या रंगाची घ्या. ती पिनांनी नीट बसवा. कपाळावर खाली येऊ देऊ नका, गालावर सावली नको. चष्मा काढा, तोंड मिटलेलं, नजर समोर.

मोठ्यांचा फोटो पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात, तेव्हा त्या दिवशी अशीच ओढणी घालून जा. 4 वर्षांखालच्या मुलांचा फोटो सोबत न्यावा लागतो.

नकाब घालणाऱ्या बहिणींनी काउंटरवर जाण्याआधीच महिला कर्मचाऱ्याची विनंती करावी. विचारण्यात संकोच कसला?