मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचें नेतृत्व व त्यांचें दप्तर

साष्टी बेटांत, कान्हेरीच्या डोंगररांगेच्या पश्चिम अंगास दिंडोशी हें ठिकाण आहे. हल्लीं तें गोरेगांव व मालाड यांच्या दाट वस्तींत मिसळून गेलें आहे. या प्रदेशांतील ख्रिस्ती धर्म म्हटला म्हणजे संशोधकाच्या डोळ्यांपुढें पोर्तुगीज अमदानींतील रोमन कॅथलिक देवळेंच प्रथम उभीं राहतात. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास याहून निराळा व बराच अलीकडचा आहे. परदेशी मिशनांचें साहाय्य आटल्यावर आणि खेड्यांतील कुटुंबें शहरांकडे निघून गेल्यावर यांपैकीं अनेक जुन्या मंडळ्या रोडावल्या. अशा पडत्या काळांत मंडळी कोणाच्या बळावर तगते, दीक्षित पाळकाच्या कीं सामान्य सभासदांच्या, याचा विचार आम्ही येथें करणार आहों. हा प्रश्न केवळ धर्मोपदेशकांचा आहे असें कोणी समजूं नये. त्याचें उत्तर जुन्या वह्यांत असल्यामुळें तो आपल्या मंडळाच्या वाचकांचाही आहे.

प्रथम साष्टीचाच दाखला घेऊं. 1739 सालीं वसई मराठ्यांच्या हातीं आली आणि या प्रांतांतील युरोपीय पाद्री निघून गेले. कर्ते गेल्यावर उपासनाही बंद पडेल असें कोणासही वाटलें असतें. परंतु गोमंतकीय व एतद्देशीय पाद्य्रांनीं ती पुढें चालविली. 1760 च्या सुमारास या बेटांतून फिरलेल्या आंकेतील द्यु पेरों या फ्रेंच प्रवाशास येथील ख्रिस्ती लोक उघडपणें आपले उत्सव करतांना आढळले. यावरून एवढें दिसतें कीं, जेथें उपासना चालविणारा माणूस त्याच मातींतला असतो, तेथें परक्या धन्याचें जाणें हा शेवट ठरत नाहीं.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांस हीच गोष्ट सावकाश शिकावी लागली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी 1813 सालीं मुंबईस उतरले. 1831 त अहमदनगरास ठाणें झालें व 1833 त तेथें पहिली मंडळी स्थापन झाली. पुढें वीस वर्षें मंडळीचें सूत्र मिशनरींच्याच हातीं होतें. 1854–55 त अमेरिकेहून रूफस अँडरसन हे पाहणीसाठीं आले. मंडळीनें आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण भागवावा व आपला प्रसार आपणच करावा, हें त्यांचें त्रिसूत्र होतें. इंग्लंडांत हेन्री व्हेन हेही त्याच मताचे होते. याच सुमारास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांस अहमदनगरास पाळकपणाची दीक्षा मिळाली. खिस्ती हें हरिपंतांचें मूळचें आडनांव होय. तें धर्मांतरानंतर घेतलें अशी समजूत कोणी करून घेऊं नये. स्कॉटिश मिशनांत 1843 सालीं बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनीं पुढें जालन्याजवळ बेथेल हें गांव वसविलें.

आतां या मंडळ्यांची घडण पाहूं. अमेरिकन मिशनच्या पद्धतींत नवा सभासद घेणें व पाळक निवडणें हा अधिकार सर्व सभासदांच्या सभेचा असे. स्कॉटिश पद्धतींत पाळक व निवडलेले वडील मिळून कारभार पाहात. दोहोंतही उपदेश व संस्कार पाळकाकडे असत; पैसा, गोरगरिबांची विचारपूस व शिस्त यांत सामान्य सभासदांचा वांटा असे. योजना उत्तम होती. परंतु जेथें पाळकाचें वेतन मिशनच्या तिजोरींतून येई, तेथें पाळक सहजच मंडळीऐवजीं मिशनकडे पाहूं लागे, आणि सभासदही देणगीची व देखरेखीची जबाबदारी आपली मानीनासे होत. पुढील ऱ्हासाचें बीज आमच्या मतें येथें आहे.

ही गांठ ज्यांस स्पष्ट दिसली त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक अग्रगण्य होत. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तो मिशनरीच्या हातून न घेतां तुकाराम नाथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला. 1904 त त्यांस दीक्षा मिळाली. 1917 त मिशनची चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्यांस व न घेतलेल्यांस सारखीच जागा होती. 1919 च्या मे महिन्यांत टिळक वारले, आणि दरबारही फार दिवस टिकला नाहीं. एका पुरुषाचें तेज कितीही मोठें असलें तरी तें त्याच्याबरोबर जातें. टिकलें तें लोकांच्या तोंडीं बसलेलें: ‘उपासना संगीत’ या संग्रहांतील त्यांचीं पदें, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनीं रुळविलेलें ख्रिस्ती कीर्तन, आणि टिळकांचें अपुरें ‘ख्रिस्तायन’, जें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. लक्ष्मीबाईंस दीक्षा नव्हती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

दप्तराचें महत्त्व किती, हें अलीकडील एका प्रकरणानें दाखविलें. 29 नोव्हेंबर 1970 रोजीं नागपुरास अनेक प्रॉटेस्टंट पंथ मिळून उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. गुजराथेंतील ब्रेदरन पंथाच्या मालमत्तेविषयीं त्यानंतर वाद उत्पन्न होऊन तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2013 सालीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, नुसत्या एकीकरणाच्या ठरावानें विश्वस्त मालमत्ता नव्या संस्थेकडे जात नाहीं. त्यास कायद्यानें घालून दिलेली रीत पाळावी लागते. ज्या मंडळीनें सभेचे वृत्तांत व विश्वस्तांच्या नोंदी नीट राखल्या नाहींत, ती अशा वेळीं निराधार होते.

यावरून आमचा निष्कर्ष असा. ओसरत्या मंडळीचा उत्तम पाळक तो, जो आपल्या गैरहजेरींत उपासना चालवूं शकतील असे चार सभासद तयार करतो. उत्तम सभासद तो, जो मंडळीचा हिशेब चारचौघांत वाचून दाखवितो. आणि दोघांचेंही काम पुढील पिढीस कळतें तें वहीमुळें.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंती आहे. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या, सभांचे वृत्तांत, कीर्तनांचीं हस्तलिखित बाडें, 1842 पासून निघूं लागलेल्या ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, हीं सर्व अस्सल साधनें होत. रोडावलेल्या मंडळीच्या कपाटांत तीं वाळवीच्या तोंडीं पडण्याची भीति असते, व थोडक्या पैशांत विकतही मिळूं शकतात. परंतु मंडळीची चालू नोंदवही विकत घेऊं नये. तिचीं छायाचित्रें घ्यावीं, पानांची गणना करून यादी करावी, व मूळ वही वडिलांच्या हवालीं परत करून त्यांची पोंच घ्यावी. ती वही आपल्या संग्रहांत आली तर एक साधन वाढेल हें खरें; पण ज्या थोड्या माणसांनीं मंडळी धरून ठेविली आहे, त्यांच्या हातचा आधार मात्र निघून जाईल.