ओल्या रस्त्यावर मोटार कां घसरते?

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या, कीं घाटांतून मोटारी घसरल्याच्या वार्ता येऊं लागतात. वाट तीच, वळण तेंच आणि हांकणाराही तोच; वैशाखांत ज्या वळणावरून गाडी निर्धास्तपणें उतरली, तेथेंच ज्येष्ठांत ती कठड्यापर्यंत जाऊन थांबते, आणि एखादे वेळीं थांबतही नाहीं. मग गाडीचा मालक रस्त्याला बोल लावतो, रस्त्याची देखभाल करणारे वेगाला दोष देतात, आणि मेस्त्री 'टायर बदला' एवढा सल्ला देऊन मोकळा होतो. या तिघांचेंही म्हणणें कधीं ना कधीं खरें असतें. परंतु कोणाचें केव्हां खरें, हें ठरविल्यावांचून केलेला खर्च बहुधा व्यर्थ जातो, व मूळ दोष तसाच राहून पुढच्या सरीची वाट पाहतो. ज्वर आहे एवढें कळतांच शहाणा वैद्य काढा देत नाहीं. तो केव्हां चढतो आणि केव्हां उतरतो, हें आधीं विचारतो. येथेंही तोच क्रम धरावा लागतो.

प्रथम रस्ता आणि चाक यांचा संबंध कसा असतो तें पाहूं. मोटार केवढीही मोठी दिसली, तरी तिचें प्रत्येक चाक भूमीला टेकतें तें सुमारें तळहाताएवढ्या जागेवर. अशा चार तळहातांच्या बळावर गाडी वळते, थांबते आणि माणसांना घरीं पोहोंचविते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धांव रस्त्यावरून नुसती फिरते. रबर मात्र रस्त्यांत बसतें. खडीच्या बारीक टोकांवर तें दबतें, त्यांच्या मधल्या खळग्यांत शिरतें, आणि कांहीं अंशीं रस्त्याला चिकटतेंही. पाण्याचा पातळ थर मध्यें आला, कीं हें चिकटणें जवळजवळ नाहींसें होतें, आणि दबून बसण्याचें काम तेवढें उरतें. चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणाचा गुणांक सुमारें ०.८ धरतात, ओल्यावर तो ०.४ पर्यंत उतरूं शकतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी पहिल्या स्थितींत ब्रेक लागल्यावर सुमारें १८ मीटरांत थांबेल, तर दुसऱ्या स्थितींत तिला ३५ मीटर लागतील. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जें अंतर तोडलें जातें, तें वेगळेंच.

आतां एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा, आणि बहुतेक सारें निदान याच भेदावर उभें आहे. ओला रस्ता आणि पाणी सांचलेला रस्ता ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरवर पाहतां मुसळधार पाऊस अधिक भयंकर वाटतो. पण नुसत्या ओलसर झालेल्या रस्त्यावर गाडी अनेकदां अधिक फसवते. उन्हाळाभर रस्त्यावर धूळ, इंजिनांतून ठिबकलेलें तेल आणि टायरांचें झिजलेलें रबर यांचें पूट चढत असतें. पहिल्या शिडकाव्यानें त्याचें गुळगुळीत लेपन होतें. चांगला पाऊस लागल्यावरच तें धुवून जातें. त्यांत स्थानिक भर असतेच. कोंकणांत जांभ्याच्या तांबड्या मातीचा चिखल चाकांबरोबर डांबरावर येतो. बंदरांकडून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांतून पाणी गळत राहतें, आणि त्या पाण्यावरून दुचाकी घसरल्याच्या तक्रारी नेहमींच्या आहेत. शहरांत जांभळाच्या झाडाखालचा रस्ता जूनमध्यें कसा होतो, हें सायकल चालविणाऱ्या कोणाही मुलाला विचारावें. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांचीं लोखंडी झांकणें आणि पुलावरील लोखंडी सांधे यांवर तर रबराला दबून बसावयास खळगेच नसतात. अशा ओलसर रस्त्यावर खरा प्रश्न असतो तो रबराच्या मृदुत्वाचा.

पाणी सांचलें म्हणजे मात्र प्रश्न पालटतो. टायरच्या नक्षीमधल्या खांचा या पाण्याच्या मोऱ्या आहेत. चाकाखालचें पाणी त्यांतून बाहेर फेंकलें गेलें, तरच रबर रस्त्याला भिडतें. वेग इतका वाढला, कीं पाण्याला निघून जावयास अवकाशच उरत नाहीं, म्हणजे चाक पाण्यावर चढतें आणि सुकाणूचें चक्र हातांत एकाएकीं हलकें लागतें. अमेरिकेंतील 'नासा' संस्थेच्या हॉर्न व ड्रेहर या संशोधकांनीं १९६३ सालीं विमानांच्या चाकांवरील प्रयोगांतून याचें एक सोपें गणित प्रसिद्ध केलें. हवेचा दाब दर चौरस इंचाला जितके पौंड असेल, त्याचें वर्गमूळ काढून १०.३५ नें गुणावें. येईल तितके मैल दर ताशीं, हा चाक पाण्यावर तरंगण्याचा वेग. ३२ पौंड हवेला तो सुमारें ५८ मैल, म्हणजे ९४ किलोमीटर भरतो; हवा २५ पौंडांवर उतरली, कीं ८३ किलोमीटर. मोटारीच्या टायरला हा आंकडा केवळ अंदाजाचा आहे, कारण झिजलेला टायर याहूनही कमी वेगांत तरंगतो. तरीही पावसाळ्यांत टायरची हवा कमी ठेवावी, म्हणजे पकड वाढते, असा जो एक समज पंपापंपांवर सांगितला जातो, तो किती घातक आहे, हें एवढ्यावरून उमगावें. हवा कमी झाली, कीं टायरचा मधला भाग पोटांत जातो आणि खांचा मिटतात.

म्हणून पहिला प्रश्न असा कीं, गाडी घसरते ती केव्हां? केवळ वेगांत आणि सांचलेल्या पाण्यांत घसरत असेल, तर खांचांची खोली व हवा पाहावी. संथ वेगांत, नुसत्या ओलसर रस्त्यावर घसरत असेल, तर रबराचा संशय घ्यावा. एकाच ठिकाणीं आणि तेथें सर्वांच्याच गाड्या घसरत असतील, तर दोष रस्त्याचा.

दुसरा प्रश्न, कोणतें टोक घसरतें? चक्र वळवूनही गाडी सरळच जात वळणाबाहेर ओढली जाते, तेव्हां पुढच्या चाकांची पकड सुटलेली असते. पाठ फिरून गाडी आडवी होऊं पाहते, तेव्हां मागच्यांची. ब्रेक दाबतांच ती एका अंगाला ओढली जात असेल, तर त्या जोडींतल्या दोन चाकांत विषमता आहे: एकांत हवा कमी, एकाचा ब्रेक जाम, किंवा एक टायर नवा व दुसरा जुना. येथें आणखी एक घोटाळा होतो. फरशी पुलावरून गाडी पाण्यांतून काढली, कीं ब्रेकच्या पाट्या भिजतात आणि गाडी थांबेनाशी होते. हांकणारा मात्र 'घसरली' असेंच सांगतो. चाक अडकून गाडी सरकली तर पकड गेली. चाक फिरतच राहिलें तर ब्रेक ओला. ज्या गाड्यांत एबीएसची योजना असते, त्यांत चाक अडकत नाहीं. पायाखालचा पेडल थडथडतो, तीच पकड सुटल्याची खूण. ही योजना वळण घेण्याचें सामर्थ्य राखते. नसलेली पकड ती निर्माण करीत नाहीं.

यानंतर टायर पाहावा, आणि तो डोळ्यांनीं नव्हे, बोटांनीं. हवा मोजावयाची ती सकाळीं, चाक थंड असतांना; दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या पत्रकांत योग्य दाब दिलेला असतो. नंतर तळहात टायरवरून आडवा फिरवावा. मधोमध झीज असेल, तर गाडी दीर्घकाळ जादा हवेवर धांवली. दोन्ही कांठ झिजलेले असतील, तर कमी हवेवर. एकच कांठ झिजला असेल, तर चाकांची मांडणी वांकडी आहे. हात एका दिशेनें मऊ सरकतो आणि उलट फिरवितां करवतीसारखा अडतो, हीही वांकड्या मांडणीचीच खूण. ठिकठिकाणीं खळगे पडले असतील, तर शॉक ॲब्सॉर्बर थकले असावेत, किंवा चाकाचा तोल गेला असावा; असें चाक रस्त्यावर टेकण्यापेक्षां उड्याच अधिक मारतें. झीज ही टायरनें लिहून ठेवलेली रोजनिशी आहे. ती न वाचतां नवे टायर घातले, तर तेही सहा महिन्यांत तशींच पानें भरूं लागतात.

मोटारीच्या नव्या टायरमध्यें खांचा सुमारें ८ मिलिमीटर खोल असतात. भारतांतील नियम मोटारीला १.६ मिलिमीटरपर्यंत मुभा देतो, आणि खांचांच्या तळाशीं तेवढ्याच उंचीच्या बारीक गांठी मुद्दाम ठेवलेल्या असतात. परंतु ही कायद्याची सीमा आहे, पावसाची नव्हे. ३ मिलिमीटरांखालीं उतरलेला टायर घेऊन पावसाळ्यांत शिरणें धाडसाचें आहे. एरव्हीं ज्याला लोक 'गोटा' टायर म्हणतात, तो कोरड्या रस्त्यावर मात्र उत्तम धरतो, कारण खांचा नसल्यानें त्याचें अधिक रबर भूमीला लागतें. उन्हाळाभर त्याचा दोष कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तो यामुळेंच.

उलट, खांचा खोल आणि तरी घसरतो, असाही टायर असतो. फारशी न चालणारी, दारापुढें उन्हांत उभी राहणारी गाडी हें त्याचें माहेरघर. ऊन, उष्णता आणि हवेंतील प्राणवायु यांनीं रबर हळूहळू कठीण पडतें. टायरच्या बाजूवर कोरलेल्या लांब क्रमांकाचे शेवटचे चार अंक वाचावेत: २३१९ असतील, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झाला. नखाचें टोंक दाबावें; नव्या रबरांत तें थोडें रुततें, जुन्यावरून नुसतें निसटतें. बाजूला केसासारख्या भेगा दिसल्या, तर विचार करावयास उरलें नाहीं. कोऱ्या टायरचेंही एक आहे. सांच्यांतून निघतांना लागलेला तुळतुळीत थर अंगावर असतो, म्हणून पहिले शे-दोनशें किलोमीटर जपून हांकावें. आणि चकाकीसाठीं तेलकट पॉलिश दुचाकीच्या टायरला लावणारे धुलाईवाले अजून आहेत, त्यांना काय म्हणावें!

संशय टायरवर आला, पण खात्री होत नसेल, तर पुढची जोडी मागें आणि मागची पुढें घालून पाहावी. हवा, ओझें व वाट तीच ठेवावी, आणि मोकळ्या जागीं संथ वेगांत परीक्षा करावी. घसरणें जोडीबरोबर गेलें, तर दोष टायरचा. जागच्या जागीं राहिलें, तर गाडीचा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार बदल एकदम केले, तर गाडी सुधारूनही दोष कळत नाहीं. दोनच नवे टायर घेण्याची ऐपत असेल, तर ते मागें बसवावेत. इंजिन पुढच्या चाकांना फिरवितें म्हणून नवे पुढें, असा मेस्त्रींचा आग्रह असतो. परंतु पुढचीं चाकें घसरूं लागलीं, तर हांकणाऱ्याला तें हातांत जाणवतें आणि वेग कमी करतां येतो. मागचीं घसरलीं, तर जाणवेपर्यंत गाडी आडवी झालेली असते.

एवढें सारें निर्दोष ठरलें, म्हणजे रस्त्याकडे वळावें. पुष्कळ रहदारीखालीं खडीचीं टोकें घांसून गुळगुळीत होतात, वळणांवर आणि उतारांवर विशेष. दुसरा प्रकार डांबराचा. तें जादा पडलें असेल, तर उन्हाळ्यांत वर येऊन खडीला बुडवितें, आणि चाकांच्या वाटेवर दोन काळे, चकचकीत पट्टे उमटतात. ओले झाल्यावर त्यांवर अनवाणी माणूसही जपून पाऊल टाकतो. असा पट्टा दिसला, तर मैलाच्या दगडावरील आंकडा, वळणाची बाजू आणि वेळ टिपून रस्त्याच्या अधिकाऱ्यांना कळवावी. नुसती 'घाट निसरडा आहे' ही तक्रार कोणत्या जागीं न्यावी, हें त्यांना समजत नाहीं. उपाय फार महागडा नसतो. ऐन उन्हांत, डांबर मऊ असतांना, त्यावर बारीक स्वच्छ खडी पसरून रूळ फिरवितात, आणि न रुतलेली खडी झाडून घेतात.